स्वतःच्या नावाला हार

मच्छिंद्र साळुबा भोजने या माणसानं हयातीत स्वतःच्या नावाला चोवीस वेळा हार घातला. पहिल्या तेवीस वेळा टाळ्या पडल्या. चोविसाव्या वेळी का पडल्या नाहीत ते सांगायचं तर मुळापासून सांगावं लागतं, आणि मुळापासून सांगायची त्याची स्वतःची कधी छाती झाली नाही. तेव्हा आपणच सांगू.

गाव डोहेगाव. शहागडहून घनसावंगीकडं जाताना गोदावरीच्या अंगाला, उसात आणि कपाशीत बुडालेलं. गावात शिरलं की शाळा, आणि शाळेला सिमेंटची कमान. कमानीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘वीर जवान मच्छिंद्र साळुबा भोजने प्रवेशद्वार’. दर पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला की गुरुजी माईकवर पुकारायचे, ‘‘आता वीरबंधू श्री. कचरू भोजने हार अर्पण करतील.’’ मग धुतलेला सदरा घातलेला एक उंच माणूस शिडी चढायचा, हार घालायचा आणि मान खाली घालून उतरायचा. हा शिडीवरचा कचरू म्हणजेच कमानीवरचा मच्छिंद्र. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. तेवढं सरकारला ठाऊक नव्हतं, आणि सरकारला कुणी सांगायचं नाही हे गावानं बैठक न घेताच ठरवून टाकलं होतं.

साळुबा भोजनेला दोन पोरं. थोरला मच्छिंद्र, धाकटा कचरू. दोघांच्या मधे आणखी दोन लेकरं झाली आणि महिना भरायच्या आत गेली. म्हणून धाकटा जन्मला तेव्हा त्याच्या आईनं, सोनूबाईनं, आपल्याकडं करतात तेच केलं. पोर सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मागं न बघता घरी आली. शेजारणीनं ते उचलून आणलं. सोनूबाईनं पसाभर ज्वारी देऊन स्वतःचंच लेकरू विकत घेतलं, कानात बाळी घातली आणि नाव ठेवलं कचरू. यम दारात आलाच तर त्याला कळावं की हा उकिरड्यावरचा माल आहे, न्यायच्या लायकीचा नाही. नावाकडं बघूनच तो माघारी जावा.

आणि यम गेला की माघारी. पोरगं असं ठणठणीत निघालं की बघत राहावं. पुढं एका वासरानं बाळीत शिंग अडकवलं आणि उजव्या कानाची पाळी चिरली, तेवढ्यावर भागलं. सोनूबाई म्हणायची, ‘‘नावानं राखलं माझ्या लेकराला.’’

मच्छिंद्राचं उलट. नाव नाथाचं आणि काळीज चिमणीचं. शाळेत मात्र बरा, सातवी पास झाला. साळुबाच्या मनानं घेतलं की शिकलेलं पोर फौजेत जावं. अडुसष्ट साली जालन्याला भरती आहे म्हणून कळलं तेव्हा साळुबानं मच्छिंद्राला दाखला काढून ठेवायला सांगितलं. मच्छिंद्र दोन दिवस जेवला नाही. दिवाळीत लवंगी फुटली तरी हा गोठ्यात जाऊन बसायचा, बंदूक कुठली हातात धरतो. तिसऱ्या दिवशी त्यानं धाकट्याला बांधावर गाठलं.

‘‘तुला जायचंय ना फौजेत?’’

कचरू तर त्याच्यासाठी जीव टाकत होता. पण तो तिसरीतून पळालेला, आणि फौजेला सातवी लागते.

‘‘माझा दाखला घेऊन जा,’’ मच्छिंद्र म्हणाला. ‘‘त्याच्यावर काय फोटू हाय? नाव सांगायचं मच्छिंद्र. उंची तुझी, छाती तुझी, नाव तेवढं माझं.’’

असं हे झालं. आपल्याकडं तेव्हा दाखला म्हणजे सायकल होती, ज्याला काम पडेल त्यानं न्यावी. कुणाला त्यात पाप वाटलं नाही. साळुबालाही फौजेत एक पोर हवं होतं, कोणतं ते महत्त्वाचं नव्हतं. एकट्या सोनूबाईला ते पटलं नाही. निघताना तिनं कचरूच्या तोंडावरून हात फिरवला आणि सांगितलं, ‘‘तिकडं खुशाल मच्छिंदर म्हण. पर जिवावर बेतलं की आपलं नाव सांग. ज्या नावानं तुला राखलं त्येच सांग. इसरू नगं.’’

कचरू हसला आणि ‘बराबर’ म्हणाला.

सत्तर साली सुटीवर आला तेव्हा त्याचं लग्न केलं. बायको अंबडकडची, नाव द्वारकाबाई, वय सोळा. चाळीस दिवसांचा संसार झाला. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली, आणि जानेवारीत पोस्टमन सायकल ढकलत शेतात आला. मच्छिंद्र तेव्हा कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन उभा होता. पोस्टमननं तार वाचली, ‘सिपाही मच्छिंद्र साळुबा भोजने बेपत्ता.’ वाचली, मग मच्छिंद्राकडं बघितलं, मग पुन्हा वाचली.

‘‘म्या तर हितंच हाय,’’ मच्छिंद्र म्हणाला. पेंढी डोक्यावरच होती.

मग त्याला कळलं, आणि तो बांधावर मटकन बसला.

त्या संध्याकाळी चावडीवर चार शहाणी माणसं जमली. त्यांचं म्हणणं पडलं की मच्छिंद्र बेपत्ता आहे असं सरकार म्हणतं, आणि मच्छिंद्र गावात फिरून राह्यला. उद्या कुणी चौकशीला आलं तर फसवणुकीचा गुन्हा, भाऊ तर भाऊ, बापही आत. तेव्हा मच्छिंद्र बेपत्ताच राहू द्या, आणि हा जो आहे तो आजपासून कचरू. पुढच्या दोन वर्षांत गावानं हे काम असं चोख केलं की बस्स. मतदार यादीत कचरू, रेशनकार्डावर कचरू, सातबाऱ्यावर कचरू. पुढं लढलेल्या दोन देशांनी हरवलेल्यांच्या शोधात सहकार्य केलं त्याचं कौतुक पेपरात आलं, पण डोहेगावनं आधी केलं ते कुणी छापलं नाही.

सोनूबाईनं तेवढं ऐकून घेतलं आणि एकच बोलली. ‘‘आधी त्येला तुझं नाव दिलंस. आता त्येचं नाव बी घेतलंस. माझं लेकरू उघडं पडलं रे.’’ घरात तिनं मच्छिंद्राला कधीही कचरू म्हणून हाक मारली नाही.

सगळ्यात विचित्र दशा झाली द्वारकाबाईची. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आपल्याकडं भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. पाणी हवं का एवढं विचारायचं असलं तरी जाऊबाईला सांगायचं, ‘‘इचारा, पाणी आणू का,’’ आणि जाऊबाईनं पुढं विचारायचं. द्वारकाबाई ही रीत काटेकोर पाळायची. आणि सरकारी कागदावर ती कोण होती? बेपत्ता मच्छिंद्राची बायको. म्हणजे ज्याच्याकडं मान वर करून बघायचीही तिला चोरी, तोच कागदोपत्री तिचा नवरा. तिला नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि भासऱ्याचंही नाही, त्यामुळं ऑफिसात कुणी ‘‘मालकाचं नाव?’’ विचारलं की ती गप्प बसायची. सायबांना वाटायचं, बाई किती दुःखात आहे.

दुःखात ती होतीच. पण कपाळाचं कुंकू तिनं काढलं नाही. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, असं ती जाऊबाईला म्हणायची. जाऊबाई, म्हणजे मच्छिंद्राची बायको नंदाबाई, फटकळ होती, पण यावर तिनं कधी शब्द काढला नाही. साळुबा तार आली त्याच सालात गेला. द्वारकाबाई शेतात राबायची, सासूचे पाय चेपायची, आणि पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं काम टाकून दाराच्या आड उभी राहायची. दहा वर्षं, वीस वर्षं, तीस वर्षं. पोस्टमन तीन बदलले.

एक्याऐंशीला जालना जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवा कलेक्टर लागतो, नवी ऑफिसं लागतात, तसे आपले स्वतःचे वीरही लागतात. जुन्या याद्या चाळताना कुणाला तरी मच्छिंद्र सापडला, आणि ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला शाळेची कमान उभी राहिली. पहिल्यांदा शिडी चढताना मच्छिंद्र दोनदा मधूनच खाली उतरला. दुसऱ्या वर्षी एकदाच. माणसाला कशाचीही सवय होते. चौथ्या-पाचव्या वर्षी तर तो हार जरा वाकडा पडला की सारखा करायला लागला होता.

आता नवीन जालन्यात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, बी-बियाण्याच्या दुकानांच्या रांगेवर एक मजला चढून, फौजी लोकांच्या कामाचं एक ऑफिस होतं. तिथं त्रिंबकराव म्हणून एक निवृत्त हवालदार कारकून होते. मोठा बोलका माणूस. कुणी वीराचा नातेवाईक आला की चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात मच्छिंद्र द्वारकाबाईचा एक कागद द्यायला तिथं गेला, अर्थात कचरू म्हणून.

‘‘बसा कचरूभाऊ,’’ त्रिंबकराव म्हणाले. ‘‘आज एक गंमत दाखवतो.’’

त्यांनी टाइप केलेला कागद पुढं ओढला. दोन्ही सरकारांनी ठरवलं होतं की लढाईत हरवलेल्या माणसांचा आता मिळून शोध घ्यायचा. आपण आपली यादी त्यांना द्यायची, त्यांनी त्यांच्याकडची आपल्याला. पलीकडच्यांनी तर इमानदारीनं वेड्यांच्या दवाखान्यातली माणसंसुद्धा मोजली होती.

‘‘हे बघा, तुमच्या नावाचा एक तिकडं हाय. नाव कचरू. बापाचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. डोक्याला मार लागलाय. उजव्या कानाची पाळी चिरलेली. नंबर इचारला, पलटण इचारली, काही सांगत न्हाई, नुसतं कचरू म्हणतो.’’ त्रिंबकराव हसले. ‘‘आम्ही सगळ्या बेपत्तांची यादी तपासली. कचरू नावाचा एक बी जवान आपला हरवला न्हाई. वरून कळवून टाकलं, आमचा न्हाई म्हणून.’’

मच्छिंद्राच्या हातातली बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला.

‘‘भाजलं का?’’ त्रिंबकरावांनी विचारलं.

‘‘न्हाई,’’ मच्छिंद्र म्हणाला.

बघा, सगळं किती सोपं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, साहेब, तो माझा भाऊ. चार शब्द. भाऊ जिवंत होता. पंधरा वर्षं मायमाउलीचं सांगणं हुकमासारखं पाळत होता, जिवावर बेतलं तेव्हा आपलं खरं नाव सांगून राह्यला होता. आणि थोरला भाऊ, ज्याच्या वाटची बंदूक त्यानं उचलली होती, तो धोतर झटकत उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘येतो साहेब. बस निघून जाईल.’’

बसमध्ये त्यानं ठरवलं की घरी गेल्याबरोबर आईला सांगायचं. आईला सांगितलं असतं तर ती म्हातारी त्याच पावली जालन्याला चालत गेली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्यानं सांगितलं नाही. आधी गुरुजींना विचारू म्हणाला.

गुरुजींना त्यानं आडवळणानं विचारलं. ‘‘समजा, एखादा दुसऱ्याच्या दाखल्यावर फौजेत गेल्ता. आणि त्यो दाखला देणारा गावातच हाय. तर काय होतं?’’

गुरुजींनी कमानीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. ‘‘समजा कशाला म्हणता? चारशेवीस लागतं. देणारा आत, वापरणारा आत. त्या बाईची पेन्शन चालू हाय ती बंद. आणि ही कमान पाडायची कुणी, मी का तुम्ही?’’

झालं. मच्छिंद्राला पाहिजे ते उत्तर मिळालं. भित्र्या माणसाला सल्ला हवा असतो तो असाच. नंदाबाईपाशी त्यानं एकदा विषय काढला, पण तिनं मान वर करताच मिरच्यांचा भाव विचारला. पुढं तो स्वतःशी एकेक कारण जोडत गेला. कानाची पाळी तर निम्म्या मराठवाड्याची चिरलेली आहे. कचरू नावाची माणसं घनसावंगीच्या एका बाजारात दहा भेटतील. आपला कचरू वेडा थोडाच होता. आणि असलाच तो, तर बसल्या जागी दोन वेळची भाकर मिळून राह्यली त्याला. पुढच्या वर्षी पोरीचं लग्न आहे, ते उरकलं की बघू.

पलीकडचे लोक मात्र चिवट निघाले. अठ्ठ्याऐंशीला त्यांनी पुन्हा लिहिलं की तो कचरू तुमच्याच मुलखाचं बोलतो, पुन्हा एकदा बघा. त्रिंबकरावांनी ते पत्रही मच्छिंद्राला वाचून दाखवलं, कारण आता तो त्यांचा आवडीचा विनोद झाला होता. ‘‘कचरूभाऊ, तुमचा जोडीदार काही पिच्छा सोडत न्हाई.’’ एक्याण्णवला तिसऱ्यांदा लिहिलं. आपलं उत्तर तिन्ही वेळा एकच गेलं, की या नावाचा आमचा कोणी नाही. खोटंही नव्हतं ते. लढणाऱ्या दोन सरकारांनी उभ्या जन्मात एकमेकांना इतकं खरं कधी सांगितलं नसेल. खोटं तेवढं डोहेगावचं होतं, आणि ते सातबाऱ्यावर चढलेलं होतं.

त्या तिन्ही वर्षी मच्छिंद्र घरी आला, जेवला, आणि ओसरीवर आईशेजारी बसला. सोनूबाई रोज विचारायची तेच त्या दिवशीही विचारायची.

‘‘जालन्याला गेल्तास. काही कळलं का माझ्या कचरूचं?’’

‘‘न्हाई आई.’’

आतल्या दाराआडून बांगड्या वाजायच्या आणि थांबायच्या. द्वारकाबाईनंही ऐकलेलं असायचं.

सत्त्याण्णवला सोनूबाई गेली. शेवटच्या दोन दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती. ती मच्छिंद्राच्या उजव्या कानाची पाळी चाचपायची, ती सलग लागली की हात मागं घ्यायची. मच्छिंद्र त्या दिवशी गोठ्यात जाऊन ओक्साबोक्शी रडला. त्याला तेव्हा खरंच लाज वाटली. पण लाज वाटणं आणि जालन्याच्या बसमध्ये बसणं यात फार अंतर असतं.

मग दोन हजार चार साल उजाडलं. दोन्ही सरकारांचं पुन्हा गोडीत आलं आणि ठरलं की हा विषय एकदाचा धसास लावायचा. प्रत्येक घराला नवा तक्ता आला. तो भरायला बेपत्ताच्या बायकोनं स्वतः यायचं. म्हणून द्वारकाबाई जन्मात पहिल्यांदा त्या ऑफिसाचा जिना चढली. मागं मच्छिंद्र. ती खुर्चीवर पाठ वळवून बसली, म्हणजे भासऱ्याकडं तोंड होणार नाही. केस पांढरे झाले होते, कुंकू रुपयाएवढं.

त्रिंबकराव आता रिटायर व्हायला आले होते. चष्मा लावून एकेक रकाना वाचत होते. उंची, रंग, अंगावरची खूण.

‘‘उजव्या कानाची पाळी चिरलेली हाय,’’ द्वारकाबाई हळू आवाजात बोलली.

त्रिंबकरावांनी लिहिलं. पेन थोडं अडखळलं, पण लिहिलं. ‘‘आता शेवटचं. हे नवीन टाकलंय दोघांनी मिळून. घरात कोणत्या नावानं हाक मारायचे?’’

द्वारकाबाईनं पदर तोंडाशी धरला. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? चौतीस वर्षं घेतलं नव्हतं. तिनं पाठीमागं मान केली, म्हणजे तुम्ही सांगा. त्रिंबकराव मच्छिंद्राकडं बघायला लागले. रस्त्यावर ऑटोवाले भांडत होते ते ऐकू येत होतं.

‘‘कचरू,’’ मच्छिंद्र म्हणाला.

‘‘तुमचं न्हाई हो. त्याचं.’’

‘‘त्येचंच. म्या कचरू न्हाई साहेब. म्या मच्छिंद्र.’’

त्रिंबकरावांनी चष्मा काढला. मग उठले, दार लावलं, आणि परत येऊन बसले. ‘‘म्हणजे तो तिकडचा कचरू... मी तुम्हाला वाचून दाखवलं. एकदा न्हाई, तीनदा. तुम्ही हितंच बसल्ते. चहा पीत.’’

मच्छिंद्रानं मान हलवली.

द्वारकाबाईची पाठ तशीच होती. तिनं वळून बघितलं नाही. पुढं केलेल्या कागदावर अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि उठून जिना उतरली. परतीच्या बसमध्ये ती बायकांच्या बाकावर बसली, आणि त्या दिवसापासून नंदाबाईच्या मार्फतही तिनं त्याच्यासाठी एक शब्द पाठवला नाही.

उत्तर यायला वर्ष लागलं नाही. बरोबर नाव गेल्यावर दोन सरकारं काय जल्दी चालतात ते तेव्हा कळलं. पुढच्या साली जूनच्या पहिल्या आठवड्यात त्रिंबकराव स्वतः जीपनं डोहेगावला आले. ओसरीवर बसले. चहा नको म्हणाले. पत्र वाचलं.

पलीकडच्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की कचरू नावाचा हा रुग्ण बहात्तरपासून त्यांच्या दवाखान्यात होता. त्याच्याबद्दल तुमच्याकडं तीनदा विचारणा केली, तीनदा तो तुमचा नसल्याचं कळवण्यात आलं. तेव्हा त्याचं नाव फौजी यादीतून काढून बेवारशांत टाकलं. चौऱ्याण्णवच्या थंडीत तापानं तो वारला. दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या नोकराची जबानी सोबत जोडली होती. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणी नाव विचारलं की सांगायचा, कचरू, आणि वर म्हणायचा, आता मला कोणी हात लावत नाही. दरवाजा वाजला की मात्र रोज विचारायचा, दादा आला का.

‘‘दादा म्हणजे कोण, त्यांना कळलं न्हाई,’’ त्रिंबकराव म्हणाले आणि पत्राची घडी घातली.

मच्छिंद्राला कळलं. चौऱ्याण्णव. शहाऐंशीला बोलला असता तर आठ वर्षं होती. एक्याण्णवला बोलला असता तरी तीन. त्यानं भिंतीला डोकं टेकलं आणि तोंडातून आवाज न काढता रडत राहिला. आत द्वारकाबाईच्या बांगड्या फुटल्याचा आवाज आला. नंदाबाई धावली.

सोनूबाईनं ठेवलेलं नाव खरं निघालं म्हणायचं. यमानं बावीस वर्षं त्या नावाकडं ढुंकून बघितलं नाही. फक्त तिनं सरकारचा विचार केला नव्हता. त्यानंही बघितलं नाही.

कागदांचं काम मग आपल्या गतीनं चाललंच. कचरू साळुबा भोजने मयत, असा शेरा वरून खाली आला, आणि तलाठ्यानं इमानेइतबारे मच्छिंद्राचं रेशनकार्ड कापलं, मतदार यादीतून नाव उडवलं. मच्छिंद्र तर आधीच बेपत्ता. आता गावात जो उंच माणूस गुरं घेऊन जात होता त्याला सरकारदरबारी काही नावच उरलं नव्हतं.

पंधरा ऑगस्ट आला. झेंडा वर गेला. नवे गुरुजी माईक हातात धरून उभे राहिले आणि त्यांना कळेना की हाराला कुणाला पुकारावं. सरपंचानं निळ्या रंगाचा डबा आणून ठेवला होता. त्याचं म्हणणं, झालं गेलं गंगेला मिळालं, कमानीवर कचरूचं नाव टाकू, आज पहिला ब्रश द्वारकाबाईच्या हातानं मारू. सगळ्यांना पटलं. मच्छिंद्र शिडीजवळ हार घेऊन उभा होता, त्याला तर फारच पटलं. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

बायकांच्या घोळक्यातून द्वारकाबाई पुढं आली. कपाळ मोकळं होतं. रंगाच्या डब्याला तिनं हात लावला नाही. ती सरळ मच्छिंद्राच्या समोर येऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघितलं.

‘‘रंग राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘सरकारनं बराबर लिव्हलंय. कचरू कवाच हरवला नव्हता. त्यो यादीत व्हता, आपलं नाव सांगत व्हता. बेपत्ता झाला त्यो मच्छिंद्र.’’

तिनं दोन्ही नावं घेतली. गावानं ऐकली.

‘‘चढा,’’ ती म्हणाली. ‘‘हार घाला.’’

मच्छिंद्र शिडी चढला.